नेदरलँड्स डान्स थिएटर: नायक-नायिकेविना बॅले

बॅले म्हटले की पांढऱ्या पोशाखातील नर्तिकांची एकसारखी रांग, तिच्या पुढे एक नायिका आणि तिला अलगद उचलणारा राजपुत्र, एवढेच चित्र ज्यांच्या डोळ्यांसमोर येते, त्यांनी द हेग शहरातील नेदरलँड्स डान्स थिएटरचे प्रयोग अवश्य पाहावेत. आपल्या आधीच्या बॅले संस्थेच्या कारभाराला कंटाळून बाहेर पडलेल्या काही नर्तकांनी १९५९ साली अमेरिकन नृत्यशिक्षक बेंजामिन हार्कार्व्ही यांच्यासह ही मंडळी उभी केली. जुनी नृत्यनाट्ये पुन्हापुन्हा करण्यापेक्षा सतत नवे रचायचे, हा बाणा तेव्हापासूनचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथे नर्तकांच्या श्रेणी नाहीत. एका रचनेत सगळ्यांत पुढे असलेली नर्तिका पुढच्या रचनेत गटात मिसळून जाते, आणि त्यामुळे प्रेक्षकाला कोणा एकाकडे डोळे लावून बसण्याची सोयच राहत नाही.

आज संस्थेला जी ओळख आहे, ती मुख्यतः चेक नृत्यरचनाकार यिरी किलियान यांनी घडवली. १९७५पासून १९९९पर्यंत कलादिग्दर्शनाची सूत्रे त्यांच्याकडे होती, सुरुवातीला हान्स क्निल यांच्या जोडीने. त्यांची ‘पेतित मॉर’ ही १९९१ची, संगीतकार मोत्सार्टच्या मृत्यूच्या द्विशताब्दीनिमित्त ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग महोत्सवासाठी केलेली रचना संस्थेची रीत समजून घेण्यास पुरेशी आहे. सहा पुरुष, सहा स्त्रिया आणि सहा तलवारी, एवढाच संसार. संगीत सुरू होण्याआधीच पुरुष तलवारी हाताळू लागतात. पाते हवा कापते तो आवाज, पावलांचे घासणे आणि श्वास, एवढेच ऐकू येते. तलवार लवते, वाकते, बोटावर तोलली जाते. ती जोडीदाराइतकीच हट्टी आहे, हे नर्तकाच्या मनगटावरून कळते. मग एक प्रचंड काळे वस्त्र रंगमंचभर धावत येते आणि ते मागे सरताच स्त्रिया तेथे आलेल्या असतात. पुढे काळे, घेरदार दरबारी पोशाख दिसतात. ते अंगावर चढवलेले आहेत असे वाटत असतानाच नर्तिका बाजूला होतात आणि पोशाख चाकांवर एकटेच सरकत जातात. प्रेक्षागृहात येथे हमखास हशा पिकतो. एवढ्या गंभीर संगीतात हा खट्याळपणा कसा खपतो, असे वाटेल. पण किलियान यांना गांभीर्य आणि थट्टा यांच्यात भिंत घालणे कधीच मान्य नव्हते.

या सगळ्यामागे शास्त्रीय बॅलेची कडक तालीम आहे, हे विसरता येत नाही. नर्तकांचा दिवस बॅलेच्या वर्गानेच सुरू होतो, मात्र संध्याकाळी पुष्कळदा ते साध्या मोज्यांत नाचतात. पाय कानापर्यंत जातो, पण टाळी मिळेपर्यंत तेथे थांबत नाही. जोडीदाराला उचलणे हेही पराक्रम म्हणून येत नाही. दोन शरीरांचे वजन एकमेकांवर सरकत सरकत तेथे पोहोचते. कसब इतके मुरलेले की ते दिसू न देण्याची ऐट येथे आहे, असे म्हणावे लागेल.

वयाबद्दलचा विचारही उल्लेखनीय. तरुण नर्तकांसाठी १९७८मध्ये दुसरी तुकडी निघाली, आणि १९९१मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांची तिसरी. नर्तकाचे आयुष्य पस्तिशीत संपते असे गृहीत धरणाऱ्या क्षेत्रात ही मोठी गोष्ट होती. तिसरी तुकडी २००६मध्ये बंद झाली, हे मला संस्थेचे सर्वांत मोठे नुकसान वाटते; थकव्याची जाण असलेले शरीर जे सांगू शकते, ते विशीतल्या लवचिकतेला सांगता येत नाही.

किलियाननंतरच्या काळात सर्वांत ठसठशीत काम कॅनेडियन नृत्यरचनाकार क्रिस्टल पाइट यांचे. २०१६च्या ‘द स्टेटमेंट’मध्ये एका मोठ्या टेबलाभोवती कार्यालयीन कपड्यांतील चार माणसे आहेत आणि ध्वनिमुद्रित संवाद चालू आहेत. आपणच पेटवलेल्या संघर्षाची जबाबदारी कोणाच्या गळ्यात घालायची, यावर त्यांची ओढाताण चालते. प्रत्येक शब्दावर खांदा, मान, कोपर झटकले जातात. बोलणारा काय लपवतो आहे ते शरीर लगेच उघडे पाडते. ज्याने कधी कार्यालयातील बैठक सोसली आहे, त्याला नृत्याचे कोणतेही पूर्वज्ञान लागणार नाही.

तक्रारीही आहेत. गेल्या दोन-तीन दशकांतील बऱ्याच रचनांत रंगमंच इतका अंधारा ठेवला जातो की मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला चेहरे दिसतच नाहीत. पॉल लाइटफूट आणि सोल लिओन या नृत्यरचनाकार जोडीच्या रचनांमध्ये सफाई अपूर्व आहे, पण आ वासलेली तोंडे, मोठ्या पडद्यावरील चेहरे आणि आर्त संगीत एकत्र आले की भावना आपल्यावर लादली जाते आहे, असे वाटू लागते. एका संध्याकाळी साधारण तीन छोट्या रचना दाखवण्याची पद्धत चांगली. मात्र तिन्ही उदास निवडल्या तर शेवटची रचना कितीही उत्तम असली तरी मन थकलेले असते. अशा वेळी किलियान यांच्या १९८६च्या ‘झेक्स टेन्त्से’सारखी (सहा नृत्ये), केसांच्या टोपांतून पावडरचे लोट उडवणारी वात्रट रचना सोबत हवी.

२०२१पासून संस्थेचा मुक्काम द हेगच्या ‘अमारे’ या नव्या वास्तूत आहे. तेथे जाणे शक्य नसेल तर संस्थेच्या दौऱ्यांवर लक्ष ठेवावे. ध्वनिचित्रमुद्रणे उपलब्ध आहेत, पण कॅमेरा सारखा एकाच नर्तकाजवळ जातो आणि ज्या समूहासाठी ही मंडळी पाहायची, तोच चौकटीबाहेर राहतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याने निवड करताना तरुणांच्या दुसऱ्या तुकडीचा प्रयोग घ्यावा, असे मी सुचवीन. तेथे सफाई किंचित कमी असते, पण धीटपणा अधिक.