स्टीलच्या पात्यांचा संच: सात महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

दुखऱ्या जागी कातडीवर घासायच्या सहा पात्यांचा स्टेनलेस स्टीलचा संच फिजिओथेरपीच्या खोलीत सात महिने रोज हाताळला जातो आहे. मुख्यतः टाचदुखी, कोपरदुखी, पोटरी, टाचेमागची जाड कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणि गुडघ्याभोवतीचे जुने मार यांसाठी. संच ठेवण्यासारखा आहे. मात्र त्यातली दोनच पाती रोज हातात येतात. आणि पात्याने मिळालेली मोकळीक लगेच व्यायाम करून टिकवली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मागमूस राहत नाही.

घासून दुखणं कमी करणं ही कल्पना जुनी आहे. चीनमध्ये ग्वा शा ही कातडी घासण्याची पद्धत आहे. इंग्लंडमधले डॉ. जेम्स सिरियाक्स बोटाच्या टोकाने कंडरेवर आडवं घर्षण देत. अमेरिकेत डेव्हिड ग्रॅस्टन यांनी स्वतःच्या गुडघ्याच्या दुखापतीनंतर यासाठी धातूची साधनं आणली. आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपाय घासतात, त्यामुळे ‘हे तेच ना?’ असा प्रश्न हमखास येतो. तेच नाही. वाटी तुपावरून सरकते आणि दाब पसरवते. पात्याची कड दाब एका रेषेत आणते आणि कातडीखाली काय आहे ते हाताला कळवते.

हे कळवणं हाच या संचाचा सगळ्यात मोठा गुण. निरोगी पोटरीवरून पातं गुळगुळीत जातं. जुन्या दुखण्याच्या जागी खाली बारीक रवा पसरल्यासारखी करकर लागते. अंगठ्याला ती उशिरा जाणवते, स्टीलमधून लगेच. शिवाय दिवसभर अंगठ्याने दाबून थेरपिस्टच्या अंगठ्याच्या मुळाशी जो ठणका लागतो, तो बराच कमी होतो. पण करकर लागली म्हणजे तिथे ‘गाठ’ आहे आणि ती घासून फोडायची, हा समज सोडून द्यावा. तळपायाच्या पट्ट्यासारख्या चिवट ऊतीचा आकार १ टक्का बदलायलाही माणसाच्या हाताला न झेपणारं बळ लागेल, असं २००८ साली मांडलेल्या गणिती प्रतिमानातून दिसलं. मग फरक कशाने पडतो? बहुतेक मज्जातंतूंच्या संवेदनेमुळे दुखणं तात्पुरतं दबतं आणि हालचाल सैल होते. उंदरांच्या गुडघ्याच्या अस्थिबंधावर (हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यावर) २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घासलेली बाजू ४ आठवड्यांनी सुमारे ४३ टक्के जास्त मजबूत निघाली, पण १२ आठवड्यांपर्यंत फरक जवळजवळ मिटला. माणसांवरचे पुरावे अजून तोकडे आहेत. रुग्णाला आधीच असं स्पष्ट सांगितलेलं बरं.

टाचदुखीत दर वेळी पाळला जाणारा क्रम असा. आधी ५ मिनिटं सायकल किंवा शेक. मग मोजमाप: अनवाणी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पायाचा अंगठा भिंतीपासून किती सेंटिमीटरवर आहे ते लिहून ठेवायचं. व्हॅसलिन मुगाच्या दाण्याएवढं. जास्त लावलं तर पातं घसरतं आणि करकर कळत नाही, कमी लावलं तर कातडी ओढली जाऊन जळजळते. मे महिन्यात घाम पुसूनच सुरुवात करावी. थंडीत पातं कोमट पाण्यात बुडवून घ्यावं, नाहीतर गार स्टील लागताच पोटरी आखडते.

पातं कातडीशी ३० ते ६० अंशांत कलतं धरायचं आणि कलत्या बाजूनेच सरकवायचं. मोठ्या धनुष्याकृती पात्याने पोटरी १ मिनिट, मग कोयरीच्या आकाराच्या छोट्या पात्याने टाचेच्या आतल्या कडेपाशी ३० ते ६० सेकंद. एका पायाला एकूण ५ मिनिटांहून जास्त नाही. दुखणं दहापैकी चारच्या वर जाऊ द्यायचं नाही. लगेच भिंतीपाशी पुन्हा मोजायचं. आकडा हललाच नाही आणि पाऊल टाकताना कळही तशीच असली, तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे शोधावं. तिथे आणखी घासत बसू नये.

आता खरा उपचार. बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पायरीच्या काठावर एका पायाने टाच उचलायची: ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. सुरुवातीला पाठीवर एवढंच ओझं, की १२ वेळाच जमेल. असे ३ संच, दिवसाआड. दोन आठवड्यांनी ओझं वाढवून १० वेळा, ४ संच. पातं आठवड्यातून दोनदा पुरतं. चार ते सहा आठवड्यांत ते बंद करायचं, टाच उचलणं मात्र पुढेही चालू ठेवायचं. पोळ्या लाटून, धुणं पिळून दुखावलेल्या कोपरालाही हेच लागू. तिथे टाच उचलण्याऐवजी मनगटाचे सावकाश व्यायाम.

चुका जवळजवळ सगळ्या जोर लावण्याच्या. ‘लाल झालं म्हणजे लागू पडलं’ ही समजूत फार खोल रुजली आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतही नाही, तिची वाट पाहत घासलं की दुसऱ्या दिवशी काळंनिळं पडतं. डोळ्याने शोधण्यापेक्षा हाताच्या पाठीने ऊब तपासावी. नडगीच्या हाडाच्या कडेवर, कोपराच्या आतल्या खाचेत आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली, जिथे मज्जातंतू हाडाला चिकटून जातो, तिथे पातं नेऊच नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, शिरेत गुठळीची शंका, फुगलेल्या शिरा, जखम किंवा जंतुसंसर्ग, न जुळलेलं हाड, कर्करोगाची जागा, मधुमेहाने बधिर झालेले पाय आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेऊन पातळ झालेली कातडी: यांपैकी काही असेल तर पातं बाजूला. कबड्डीत मांडीला ताजा मार बसला असेल तर तिथेही नको. आत साकळलेल्या रक्ताला घासण्याने स्नायूत हाड धरण्याचा धोका वाढतो.

धातूबद्दल. या संचातल्या एका पात्याच्या टोकाला सूक्ष्म खरखर होती. नजरेला दिसली नाही, पण कापसाचा बोळा कडेवरून फिरवताच तंतू अडकले. नवीन पातं घेताना ही परीक्षा करावीच. चुंबक लावून दर्जा ठरवू नये: ३०४ जातीचं चांगलं स्टीलही घडवताना थोडं चुंबकीय होतं. क्रोमचा मुलामा दिलेली स्वस्त पाती टाळावीत, मुलाम्याचा पापुद्रा उडाला की ती कड कातडीला ओरखडते. कड एकाच बाजूने उतरती असेल तर कोणती बाजू पुढे येते ते प्रत्येक वेळी पाहावं. उलटं धरलं तर तेच पातं टोचतं.

प्रत्येक रुग्णानंतर आधी साबणाने व्हॅसलिन काढायचं, मग ७० टक्के अल्कोहोल. व्हॅसलिनवरच अल्कोहोल फिरवलं तर काही साधत नाही. ब्लीचने स्टीलवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. बोअरचं पाणी वाळून पांढरे डाग राहतात, म्हणून लगेच कोरडं पुसावं. कातडी फुटून रक्त लागलं असेल, तर धुऊन ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र). डब्यातला फोम ओल धरतो. आता तो काढून टाकून पाती स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली जातात.

उरलेली चार पाती महिन्यातून एखाद्या वेळी निघतात. सुटी मिळत असतील तर धनुष्याकृती आणि कोयरी एवढीच घ्यावीत, आणि वाचलेल्या पैशांत घोट्याला बांधायची वजनं व एक भक्कम पायरी.