वजन जास्त असेल तर सीटी अँजिओ की मनगटातून अँजिओग्राफी?

नागपूरच्या महालातल्या मामांचं वजन 108 किलो. हृदयाच्या धमन्यांत अडथळा आहे का ते बघायचं होतं: सीटी अँजिओत बाहेरून स्कॅन, दुसरीत मनगटाच्या धमनीतून बारीक नळी. धंतोलीतल्या डॉक्टरांनी दोन्ही तपासण्या समजावल्या आणि मामी किरणांच्या धास्तीनं अडून बसल्या.

किरणांचं आधी बघू. दोन्हीकडे एक्स-रेच असतात. जाड शरीरातून पलीकडे पोहोचायला ते जास्त लागतात. सडपातळ माणसाची सीटी बहुतेकदा 100 किलोव्होल्ट (एक्स-रेची ताकद ठरवणारा विद्युतदाब) किंवा त्याखाली भागते, मामांना 120 लागू शकतात आणि डोस वाढतो. मनगटातून केली तरी वजनाचा हा भुर्दंड चुकत नाही. सीटीत मात्र नाडी 60 च्या आसपास आणली तर डोस बराच उतरतो. जाहिरातीतल्या स्लाइस (मशीन एका फेरीत किती काप टिपतं तो आकडा) मोजण्यापेक्षा नाडी मंद करायची गोळी आधी देतात का, हे विचारा.

चित्र? जाड छातीत सीटी दाणेदार येते, धमन्यांत कॅल्शियम असेल तर आणखी अवघड. मनगटातून स्पष्ट दिसतं, अडथळा असला तर बहुधा तिथेच स्टेंटही बसतो. पण नळी धमनीत जाते, रक्तस्रावाचा थोडा धोका राहतो. खर्चात सीटी सहसा स्वस्त. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) दोन्हीआधी तपासायचंच.

ज्यांच्या छातीत अधूनमधून दुखतं, अडथळ्याची शंका मध्यम, नाडी नियमित, त्यांनी वजन जास्त असलं तरी सीटी करावी. मामांसारखी जुनी शुगर आणि चार पावलांत छाती भरून येत असेल, तर मी थेट मनगटाकडेच वळेन.