मेथोट्रेक्सेट, सोरायसिस आणि कोल्हापूरचा पावसाळा: वापरानंतरचा अनुभव

गेल्या हिवाळ्यापासून आठवड्याला १५ मिग्रॅ मेथोट्रेक्सेट घेतोय. आठवड्यातून एकदाच, रोज नाही. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. सोरायसिसवर गोळी चांगलीच. कोपर-गुडघ्यांवरचे चट्टे पातळ झाले, अंथरुणात खपल्यांचा सडा पडायचा थांबला, खिशालाही परवडते. दुसऱ्या दिवशी मळमळतं, पण फॉलिक ॲसिडने बराच फरक पडला.

खरा कस पावसाळ्यात लागला. उद्यमनगरात लेथवर दिवसभर सेफ्टी शूज, मोजे कधी धड वाळत नाहीत. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. आता चिखल्यांना आपल्याकडे आजार कोण म्हणतंय? मेंदी थापायची आणि कामाला लागायचं. पण ही गोळी प्रतिकारशक्तीला लगाम घालते आणि चिरलेल्या कातडीतून जंतूंना आयती वाट मिळते. एका संध्याकाळी पाऊल घोट्यापर्यंत लाल, गरम, तुकतुकीत. ताप मात्र नावापुरता. डॉक्टरांनी लालीभोवती पेनाने रेघ ओढली. "सकाळी लाली रेघेबाहेर दिसली तर सरळ ॲडमिट व्हायचं." सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या खोल थरातला जंतुसंसर्ग! अँटिबायोटिक सुरू झालं, त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट त्यांनीच थांबवली, रक्ताच्या पेशी, लिव्हर, किडनी सगळं तपासलं. लाली रेघेच्या आतच राहिली, मग हळूहळू ओसरली.

कुठलाही डॉक्टर असो, अँटिबायोटिक लिहिताना त्याला मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगायचं. को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक सोबत घेतलं तर अस्थिमज्जा दबून रक्तपेशी कोसळू शकतात. तोंडात फोड आणि ताप एकदम आले तर उद्यावर ढकलू नये.

जांघेतल्या नायट्याचा ताप वेगळाच. मेडिकलवाला हमखास स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब पुढे करतो. खाज थांबते, गडी खूश, आतून बुरशी पसरतेच. नायट्याची कडा उठून दिसते, मधली कातडी जरा निवळलेली. सोरायसिसचा चट्टा सलग जाड, चंदेरी खपल्यांचा. स्टेरॉइडने ती कडाच पुसट होते, मग डॉक्टरलाही ओळखणं जड. माझी कातडी खरवडून केओएच तपासणी (खरवड रसायनात घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं) केली, तेव्हा कुठं बुरशी पक्की झाली.

आता सोरायसिसवरच्या सेक्युकिनुमॅब इंजेक्शनचा विषय निघालाय. ते आयएल-१७ हे प्रतिकारशक्तीचं निरोप्या प्रथिन अडवतं, आणि कँडिडा बुरशीला शरीर तोंड देतं ते त्याच्याच जोरावर. शिवाय आधी टीबीची तपासणी हवीच. पावसाळा सरला की बघू म्हटलंय.