सत्तर टक्के चिकन आणि स्टिकरखालचा गहू

ड्राय डॉग फूडची पिशवी घेताना तिची मागची बाजू दुकानातच उभं राहून वाचा. घटकांच्या यादीवर कसलाही स्टिकर चिकटवलेला असेल, तर ती पिशवी घेऊ नका, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. अशाच एका स्टिकरपायी आमच्या चिंगीची औषधपाण्याची सगळी मेहनत वाया गेली, आणि त्याचा त्रास त्या मुक्या जिवाने सोसला.

चिंगी आमची लॅब्रॅडॉर. पावसाळ्यात तिच्या पोटावर लाल चट्टे उठले. रात्रभर पंजांच्या बेचक्या चाटत बसायची, कान तर रक्त येईपर्यंत खाजवायची. पिसवा, गोचीड, बुरशी सगळं तपासून झालं. मग डॉक्टरांना खाण्यातल्या अ‍ॅलर्जीची शंका आली. त्यांचा संशय गव्हावर होता. म्हणाले, "निदान आठ आठवडे गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. पोळीचा तुकडासुद्धा नाही. एकदा जरी गेला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात." सासूबाई रोज शेवटची छोटी पोळी तिच्यासाठी लाटायच्या, तीही बंद झाली. बिचारी ओट्याशी येऊन वाट बघत बसायची.

पुण्यात आमच्या भागातल्या पेट शॉपमध्ये मी दुकानदाराला हे सगळं सविस्तर सांगितलं. त्याने कपाटातून एक चकचकीत पिशवी काढली. "ताई, डोळे झाकून न्या. सत्तर टक्के चिकन आहे यात, गहू अजिबात नाही. फॉर्म्युला बाहेरचा आहे." दर्शनी बाजूला सोनेरी अक्षरांत '७०%', त्याच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी, खाली चिकनचा मोठा फोटो, गाजर, मटार. मागच्या बाजूला वितरकाचं नाव, किंमत आणि तारीख असलेला तळहाताएवढा पांढरा स्टिकर. यादी कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, "इंपोर्टच्या मालावर स्टिकर लावावाच लागतो." भाव आमच्या नेहमीच्या फूडच्या जवळपास दुप्पट होता.

इतकं पथ्य पाळूनही खाज कमी होईना. डॉक्टरांनी पिशवी मागवली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "याखाली काय आहे ते आधी बघा." घरी हेअर ड्रायरची गरम हवा देत तो स्टिकर मी कोपऱ्यापासून सोडवत आणला. खाली अगदी बारीक टायपात यादी होती: ताजं चिकन, तुकडा तांदूळ, मका, चिकन मील, गव्हाचं पीठ, राइस ब्रॅन, कॉर्न ग्लूटेन मील, सोया मील, चिकन फॅट, बीट पल्प, मग जीवनसत्त्वं आणि खनिजं. गव्हाचं पीठ, पाचव्या क्रमांकावर. शेवटच्या ओळीत त्या चांदणीचा खुलासा होता: 'एकूण प्रथिनांपैकी ७०% प्राणिजन्य'. आणि माल बनवल्याचा पत्ता भारतातलाच होता, म्हणजे इंपोर्टची गोष्टही थाप.

सत्तर टक्के चिकन आणि प्रथिनांतले सत्तर टक्के यांत केवढा फरक आहे बघा. त्याच पिशवीवर प्रथिनं २४ टक्के लिहिली होती. त्याचे सत्तर टक्के म्हणजे १०० ग्रॅम फूडमध्ये जेमतेम १७ ग्रॅम प्राणिजन्य प्रथिनं.

यादीत पहिलं नाव चिकनचं आहे यावरही विसंबू नका. घटकांचा क्रम वजनाप्रमाणे असतो, पण हे वजन शिजवण्याआधीचं, पाण्यासकट धरलेलं. ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणीच असतं आणि तयार दाण्यात ओलावा राहतो १० टक्क्यांच्या आसपास. भिजवलेली मटकी तोलून कोरड्या मटकीचे पैसे घ्यावेत, तसा हा प्रकार आहे. एक किलो ताजं चिकन घातलं तर दाण्यात त्याचं वजन उरतं ३३० ग्रॅमच्या आसपास. तांदूळ, मका, गहू मात्र मुळातच कोरडे, त्यांचं वजन फारसं घटत नाही. त्यातून एकाच धान्याची यादीत दोन-दोन नावं करून टाकलेली असतात. मका वेगळा, कॉर्न ग्लूटेन वेगळं, तांदूळ वेगळा, राइस ब्रॅन वेगळा. मक्याची दोन नावं आणि तांदळाची दोन नावं एकत्र लिहिली असती तर चिकन पहिलं राहिलं असतं का, याची मला दाट शंका आहे.

पिष्टमय पदार्थ किती आहेत हे सहसा पिशवीवर लिहीतच नाहीत, ते आपण काढायचे. शंभरातून प्रथिनं, फॅट, फायबर, ओलावा वजा करायचा आणि राखेचे म्हणजे खनिजांचे सात-आठ धरायचे. आमच्या पिशवीवर २४, १२, ४ आणि १० असे आकडे होते. राखेचे ८ धरले तर उरले ४२. दुप्पट भाव मोजून आम्ही घरी आणलं ते मुख्यतः धान्य.

धान्याला माझा विरोध नाही. कुत्र्यांना स्टार्च पचवता येतो. लांडग्यांपेक्षा त्यांच्यात त्यासाठीच्या जनुकाच्या प्रती जास्त असतात, हे २०१३ साली संशोधनातून पुढे आलं आहे. उलट 'ग्रेन फ्री' म्हणून मटार, मसूर, बटाटा भरलेल्या फूडचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, २०१८ मध्ये सुरू केली होती, त्यामुळे त्या शब्दावरही भाळू नका. तसंच 'मील' शब्दाला लोक उगाच घाबरतात. चिकन मील म्हणजे पाणी आणि बरीचशी चरबी काढून दळलेलं चिकन. त्यात प्रथिनं ताज्या चिकनपेक्षा दाट असतात. मला धास्ती वाटते ती नुसतं 'मीट मील' किंवा 'अ‍ॅनिमल बाय-प्रॉडक्ट' लिहिलेलं असतं त्याची. कुठला प्राणी, ते तरी सांगा! ज्याच्या कुत्र्याला एखाद्या मांसाची अ‍ॅलर्जी आहे त्याने काय करायचं?

पिशवीवर प्रथिनांचा जो 'क्रूड प्रोटीन' म्हणून आकडा असतो, त्यावरून दर्जा कळत नाही. हा आकडा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून काढतात. नायट्रोजन कशातून आला हे त्या चाचणीला कळत नाही. २००७ साली अमेरिकेत चीनहून आलेल्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, भरपूर नायट्रोजन असलेलं मेलामाइन मिसळलेलं सापडलं. प्रथिनांचा आकडा फुगवण्यासाठी घातलेल्या त्या रसायनाने कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि कित्येक ब्रँडचा माल परत घ्यावा लागला.

स्टिकर काढलेली पिशवी घेऊन मी दुकानात गेले. आधी "कंपनीकडूनच असं येतं", मग "थोड्याशा गव्हाने काय होतंय". थोडासा? तिचे कान बघायला हवे होते त्याने. कंपनीच्या फोनवर चिकनचं नेमकं प्रमाण विचारलं, तर 'गोपनीय' असं उत्तर मिळालं. लेखी तक्रार करणार म्हटल्यावर दुकानदाराने पैसे परत केले, मात्र तशाच पिशव्या कपाटात तशाच राहिल्या.

म्हणून तक्रार केलीच. अन्न सुरक्षा कायदा माणसांच्या अन्नापुरता आहे, पशुखाद्य त्यात येत नाही, त्यामुळे तिकडे जाऊन उपयोग नाही. पाकिटावरचा मजकूर आणि स्टिकर हा वैधमापन शास्त्र विभागाचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा विषय. किंमत कमी केल्याचा स्टिकर लावता येतो, पण त्याने छापील एमआरपी झाकता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या दाव्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बिल मागून घ्या. पिशवी फोडण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, बॅच क्रमांक स्पष्ट दिसेल असे. स्टिकर काढायचा असेल तर काढतानाचा व्हिडिओ करा, नाहीतर तो तुम्हीच लावला असं म्हणायलाही हे लोक कमी करणार नाहीत. आणि दाणे डब्यात ओतल्यावर पिशवी फेकू नका; चिंगीच्या डॉक्टरांना खरं कारण सापडलं ते पिशवी जपून ठेवली होती म्हणूनच.