थंडीच्या गळासाठी इतवारीतलं दोर-ताडपत्रीचं दुकान

दिवाळी आटोपली, की नागपुरातले बरेच हौशी गळवाले रॉड माळ्यावर टाकतात. "आता मासा लागत नाही" हे त्यांचं ठरलेलं. लागतो हो, फक्त पावसाळा संपता संपता चालणारं सामान नोव्हेंबरात चालत नाही. ते सामान मी इतवारीतल्या एका दुकानातून घेतो. फलकावर दोर, ताडपत्री, सुतळी, जाळी एवढंच लिहिलंय. गळ, तंगूस (गळाला बांधायचा नायलॉनचा दोरा), रीळ आतल्या काचेच्या कपाटात, तेही मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

गल्ल्यावरचे काका आधी विचारतात, "कुठं बसता, भाऊ?" पाणी कोणतं ते कळल्याशिवाय कपाट उघडत नाहीत. मी रामटेकजवळचा खिंडसी तलाव सांगितला. मला नवा कार्बनचा रॉड हवा होता, तीन-साडेतीन हजारांची तयारी ठेवूनच गेलो होतो. काकांनी माझा जुना रॉड हातात घेतला, टोक वाकवून पाहिलं आणि वापस दिला. "रॉड काहून बदलून राहिले? तंगूस बारीक करा."

गिऱ्हाइकाला महाग वस्तूपासून परावृत्त करणारा दुकानदार आता कुठे सापडतो!

त्यांचं म्हणणं खरंही आहे. माशाचं रक्त पाण्याबरोबर थंड होतं, पचन मंदावतं, भूक कमी होते. रोहू-कतला चाऱ्याला तोंड लावून सोडून देतात. शिवाय गाळ खाली बसून पाणी नितळ झालेलं असतं, त्यात जाड तंगूस उठून दिसतो. म्हणून ०.४० मिलिमीटरचा काढून ०.२२ चा दिला, आणि ४ नंबरच्या गळाऐवजी १० नंबरचा. (नवख्यांसाठी: नंबर वाढला की गळ लहान होतो.)

मग फ्लोट, म्हणजे मासा चाऱ्याला लागल्याचं दाखवणारा तरंगता. हा भाग पाहण्यासारखा. काकांनी दुकानातली बादली पुढे ओढली, काडीसारखा बारीक फ्लोट पाण्यात सोडला आणि पकडीने शिशाचे मणी एकेक करून तंगुसावर दाबत गेले. एक मणी लावला, पाहिलं, अर्धा कापला, पुन्हा पाहिलं. शेवटी पाण्यावर फक्त लाल टोक उरलं, मसुरीच्या दाण्याएवढं. गिऱ्हाइकं ताटकळत होती, काका ढिम्म.

चाऱ्यासाठी भुईमुगाची ढेप मी किलोभर मागितली तर पावशेर बांधून दिली. "मासा उपाशी नाही अन् तुम्ही पंगत घालून राहिले!"

खिंडसीवर पहाटे काहीच हललं नाही. ऊन तापून काठाजवळचं उथळ पाणी कोमट झालं, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. फ्लोट बुडाला नाही, उलट वर उठून आडवा पडला. माशाने तळाचा चारा शिशासकट उचलला, की असं होतं. जाड फ्लोटवर हे कळलंच नसतं. सायप्रिनस (कॉमन कार्प) होता, किलोच्या आतबाहेर. थंडी त्याला रोहूपेक्षा सोसते. तंगूस बारीक असल्यामुळे रिळाचा ड्रॅग (ताण आला की तंगूस सुटू देणारा ब्रेक) सैल ठेवून त्याला दमवत आणावं लागलं.

आता तक्रारी. तंगूस रिळावर भरून देतात, पण घाईत भरतात, त्यामुळे पहिल्याच फेकीला वेटोळी सुटली. घरी स्वतः भरा. काकांचा मुलगा व्हॅनिलाच्या वासाचा तयार चारा गळ्यात मारतो, तो घेऊ नका. कणकेत हिंग आणि ठेचलेला लसूण मळला तर त्याहून बरा. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि शनिवारी संध्याकाळी इतवारीत गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा रिक्षा करा.

एक मात्र आवडलं. पेंचकडे जायचं म्हटलं, की काका आधीच बजावतात: तोतलाडोह जलाशय व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे. इतर जलाशयांवर मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा बसण्याआधी तिथल्या ढिवर मंडळींना विचारा.

गळ, तंगूस, फ्लोट, शिसं, ढेप मिळून चारशेच्या आत काम झालं. पाचपैकी चार तारे. मरळसाठी रबरी बेडूक हवा असेल तर सध्या जाऊ नका. कपाटात आहेत, पण काका "उन्हाळ्यात या" म्हणून कपाट बंद करतात.