पोकेमॉन लेजंड्स: आर्सियस – लढाई मागे, पकडापकडी पुढे, दोनशे तासांनंतरचा अनुभव

१९९६ मध्ये पोकेमॉनच्या 'रेड' आणि 'ग्रीन' या पहिल्या गेम्सनी जो साचा पाडला, तो पुढे पंचवीस वर्षं जवळजवळ तसाच चालला. आठ जिम म्हणजे लढाईचे अड्डे, तिथे जिंकायचे आठ बॅज, मग एलिट फोर हे चार निवडक लढवय्ये आणि शेवटी चॅम्पियन. २०१६ च्या 'सन' आणि 'मून'ने जिमच्या जागी ट्रायल्स आणल्या, २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'ने एक मोकळं मैदान दिलं, पण गोष्ट फिरून त्याच मुक्कामाला पोचायची. २८ जानेवारी २०२२ ला निन्टेंडोच्या स्विचवर आलेल्या 'लेजंड्स: आर्सियस' या गेमने जिमच काढून टाकली. काळही मागे नेला. जुन्या भागांतला सिनो हा प्रदेश अजून हिसुई म्हणून ओळखला जातो, माणसं पोकेमॉनला घाबरून कुंपणाच्या आत राहतात आणि पोकेडेक्स म्हणजे कोऱ्या पानांची वही आहे.

पण खरा बदल कथेत नाही. आधीच्या भागांमध्ये पकडणं हे लढाईच्या शेवटी यायचं. गवतात पाय टाकायचा, लढाई सुरू, समोरच्याला दमवायचं, मग बॉल. इथे लढाई केलीच नाही तरी चालतं. बी बटण दाबून उंच गवतात बसायचं, झेडएल धरून नेम धरायचा, झेडआर सोडायचं. गेम हे पहिल्याच परीक्षेत तीन पोकेमॉन देऊन शिकवतो, आणि त्या तिघांतच पुढच्या दोनशे तासांचा धडा आहे. बिडूफ भोळा, तो उलट तुमच्याकडेच चालत येतो. स्टार्ली चाहूल लागताच उडून जातो. शिंक्स अंगावर धावतो. बहुतेक जंगली पोकेमॉन या तीन स्वभावांपैकी एकात बसतात. समोरचा कोणत्या जातकुळीचा हे ओळखलं की बॉल कोणता आणि कुठून टाकायचा ते आपोआप ठरतं.

बॉलचं गणित नीट समजून घ्या, कारण सुरुवातीचे बहुतेक बॉल वाया जातात ते इथेच. साधा पोकेबॉल एका ॲप्रिकॉर्न आणि एका टंबलस्टोनमध्ये तयार होतो. काळा टंबलस्टोन वापरला तर हेवी बॉल, आकाशी वापरला तर फेदर बॉल. फेदर बॉल सरळ आणि लांब जातो, म्हणून पळपुट्यांसाठी आणि उडणाऱ्यांसाठी तोच. हेवी बॉल मात्र हातातून सुटताच खाली पडल्यासारखा जातो. लोक एकदा टाकून बघतात, चार पावलांवर पडतो, आणि परत त्याच्याकडे बघत नाहीत. चूक तिथेच होते. हेवी बॉल पाठीमागून, अगदी जवळून, न कळलेल्या पोकेमॉनवर टाकायचा असतो. पाठीत बसला की पकडण्याची शक्यता वेगळी वाढते, आणि हेवी बॉलचा स्वतःचा जोर त्यावर. ग्रेट बॉलसाठी लोखंडाचा तुकडा खर्च करण्याआधी हा प्रयोग करा. नेम धरताना लाल फुली दिसली तर बॉल टाकूच नका, सावध झालेला पोकेमॉन तो उडवून लावतो. आधी चिकट गोळे मारून त्याला भोवळ आणायची, फुली गेली की मगच बॉल.

लाल डोळ्यांचे अजस्र अल्फा पोकेमॉन हा या पद्धतीचा कस. ऑब्सिडियन फील्डलँड्समध्ये हॉर्सशू प्लेन्सवर लेव्हल ४० ची अल्फा रॅपिडॅश फिरते. गेम सुरू करून तासभर झालेला नसतो, टीम लेव्हल १० ची असते, आणि ती एका फटक्यात सगळ्यांना आडवं करते. ही अन्यायाची गोष्ट नाही. पुढे परत येऊन आपली ताकद जोखावी अशी ती जागा आहे. अल्फाच्या जवळ जाण्याआधी हाताने सेव्ह करा आणि सेटिंगमध्ये जाऊन ऑटोसेव्ह बंद ठेवा. सेव्हची जागा एकच आहे, त्यामुळे ऑटोसेव्ह चालू असेल तर तुमचं हाताने केलेलं सेव्ह नको त्या क्षणी पुसलं जातं.

पोकेडेक्स हे या गेमचं खरं हृदय आहे. आधी एक नमुना पकडला की पान भरायचं. इथे प्रत्येक पोकेमॉनच्या पानावर कामांची यादी आहे: इतके पकडा, न दिसता इतके पकडा, अमुक मूव्ह वापरताना इतक्या वेळा पाहा, इतके हरवा. संशोधनाची पातळी १० झाली की पान पूर्ण. ज्या कामांपुढे लाल दुहेरी बाण असतो त्यांचं मोल दुप्पट. घाईत असाल तर फक्त तीच करा. या गुणांवर तुमचे तारे, म्हणजे तुमचा दर्जा ठरतो. पहिला तारा ५०० गुणांवर, आणि नववा ३०,००० वर मिळाल्यानंतर दहावा थेट ६०,००० वर. म्हणजे शेवटच्या एका ताऱ्यासाठी आतापर्यंत केलं तेवढंच पुन्हा. कथेला त्याची गरज नाही. तरीही लोक तिथवर जातात, कारण यादी छोट्या छोट्या तुकड्यांत वाटलेली आहे: एका फेरीत दहा-बारा कामं सहज निपटतात, आणि कुठेही थांबलं तरी काहीतरी पदरात पडलेलं असतं. काही कामं मात्र निव्वळ वेळकाढू आहेत. एखादी मूव्ह पंचवीसदा वापरून दाखवायची, हे संशोधन नव्हे, हजेरी.

लढाईचं रूपही पालटलंय, आणि इथे मत दुभंगतं. प्रत्येक मूव्हला दोन ढंग आहेत: एल दाबला की चपळ, आर दाबला की जोरकस. चपळमध्ये ताकद घटते पण पाळी लवकर येते, जोरकसमध्ये उलट, आणि दोन्हींत पीपी, म्हणजे मूव्ह वापरायचा ठरावीक साठा, एकाऐवजी दोन खर्च होतो. उजवीकडे पाळ्यांचा क्रम दिसतो आणि ढंग बदलला की तो लगेच हलतो. जोरकस दाबल्यावर शत्रूच्या दोन पाळ्या सलग दिसल्या तर तो फटका समोरच्याला संपवेल याची खात्री असेल तरच मारा. चपळ मारून आपल्याच दोन पाळ्या लागोपाठ मिळतात तेव्हा मजा येते. पण पोकेमॉनच्या जन्मजात क्षमता, हातात धरायच्या वस्तू, अंडी हे सगळं काढलंय. झोपेच्या जागी गुंगी आली, गोठण्याच्या जागी हिमबाधा. दोन खेळाडूंनी एकमेकांविरुद्ध लढायची सोय नाही. स्पर्धेसाठी टीम बांधणाऱ्यांना हा भाग अळणी लागेल. त्यात नुकसानाचे आकडे मोठे असल्यामुळे दोन-तीन फटक्यांत कोणीतरी पडतोच, आणि जंगलात दोन-तीन पोकेमॉन एकत्र चाल करून आले तर तुमचा एकटाच त्या सगळ्यांचे मार खातो. लांब, डावपेचांच्या लढाया इथे कमीच.

ताकद वाढवायची रीत मात्र जुन्यापेक्षा सरस. शेकडो लढाया मोजत बसायची गरज नाही. प्रत्येक गुणाची प्रयत्नपातळी ० ते १०. ती वाढवायला वेगवेगळ्या वस्तू लागतात: ३ पर्यंत ग्रिट डस्ट, ३ ते ६ ग्रॅव्हल, ६ ते ९ पेबल, आणि शेवटच्या पायरीला रॉक. पकडलेले पोकेमॉन सोडून दिल्यावरही या वस्तू मिळतात. पोकेडेक्ससाठी पकडलेला ढीग सोडून देता देता मुख्य टीम तयार होते. मूव्हही कधीही यादीतून बदलता येतात.

काही पोकेमॉनची उत्क्रांती फक्त याच भागाच्या हिशोबाने होते, आणि ती कुठे समजावून सांगितलेली नाही. स्टँटलरचा वर्डिअर व्हायला सायशील्ड बॅश ही मूव्ह चपळ ढंगात २० वेळा वापरावी लागते. तिचे पीपी १०, चपळला दोन जातात, म्हणजे एका दमात पाच वेळा. छावणीत विश्रांती, पुन्हा पाच. चार फेऱ्यांचं काम आहे, त्यामुळे छावणीच्या जवळचेच दुबळे पोकेमॉन निवडा. क्विलफिशला बार्ब बॅरेज जोरकस ढंगात २० वेळा. पांढऱ्या पट्ट्याच्या बॅस्क्युलिनला स्वतःच्याच फटक्याने उलट बसणारी इजा एकूण २९४ इतकी सोसावी लागते, आणि मध्ये तो बेशुद्ध पडला तर मोजणी पुन्हा शून्यावर. औषध देत राहा, शेवटच्या थेंबापर्यंत ताणू नका. अर्सारिंगसाठी पीटचा ठोकळा हवा, तोही पौर्णिमेच्या रात्री; छावणीत रात्रीपर्यंत विश्रांती घेत राहा आणि चंद्र वर पाहून मगच ठोकळा वापरा. ज्यांना पूर्वी दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल लागायची, त्यांच्यासाठी लिंकिंग कॉर्ड आहे. ती रानात अधूनमधून उघडणाऱ्या काळ-अवकाशाच्या विकृतीत सापडते किंवा १,००० मेरिट पॉइंट देऊन जुबिलाइफ या मुख्य गावातून घेता येते.

हे मेरिट पॉइंट कुठून येतात? बेशुद्ध झालात तर पिशवीतल्या काही वस्तू जागेवरच राहतात. इतर खेळाडूंच्या नकाशावर ती हरवलेली पिशवी दिसते; त्यांनी ती परत केली की तुमच्या वस्तू परत येतात आणि त्यांना पॉइंट मिळतात. इंटरनेटचा या गेममधला जवळजवळ एवढाच उपयोग, आणि तो किती साधा, किती भला आहे. वर्डिअरवर बसून फिरता फिरता वाटेतल्या पिशव्या उचलत गेलात तर पॉइंट कमी पडत नाहीत.

पिशवी हीच या गेमची सर्वात कटकटीची गोष्टही आहे. नवा कप्पा घ्यायला बॅगिन नावाचा गृहस्थ पैसे मागतो. सुरुवात १०० पासून, आणि शेवटचा कप्पा चक्क १०,००,००० चा. सुरुवातीचे सहा-सात कप्पे लगेच घ्या, तेवढ्याने दोन तास विनात्रास फिरता येतं. त्यापुढचे आले तसे. गर्दी टाळायची आणखी एक युक्ती: कच्चा माल गावात किंवा छावणीत पेटीत टाका, कारण छावणीतल्या कामाच्या टेबलावर बॉल बनवताना पेटीतला मालही वापरला जातो. रानात पिशवीसोबत असलेला संच मात्र फक्त पिशवीतलंच घेतो.

कथेत बेभान झालेल्या बलाढ्य 'कुलीन' पोकेमॉनच्या लढाया, म्हणजे क्लीव्हर, लिलिगँट, आर्कनाइन, इलेक्ट्रोड, ॲव्हलग, मला तरी ओढूनताणून बसवलेल्या वाटल्या. त्याला शांत करणाऱ्या बामच्या पिशव्या फेकायच्या, वाय दाबून उडी मारून चुकवायचं, तो भोवळून थांबला की आपला पोकेमॉन पाठवून त्याला पाडायचं, आणि तो आडवा असताना जितकं फेकता येईल तितकं फेकायचं. पहिली लढाई थरारक, पाचवीपर्यंत वाय दाबायची लय पाठ झालेली असते. हरल्यावर तोवर गाठलेली मजल तशीच राखून पुन्हा सुरू करता येतं, त्यामुळे कोणी अडकून पडत नाही. पण पकडण्याभोवती उभ्या केलेल्या खेळात हे असे वेगळेच पाच तुकडे का घातले, ते कळत नाही.

दिसण्याबद्दल फार लिहायला नको. डोंगर बोडके, पाणी सपाट, लांबचे पोकेमॉन तुटक तुटक हलतात. सुरुवातीला खटकतं, नंतर नजर गवतातल्या हालचालीकडेच असते. पात्रांना आवाज नाही आणि संवाद लांब. पहिले दोन तास एकसारखं बटण दाबत बसावं लागतं.

शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाचे दुर्मिळ पोकेमॉन शोधणाऱ्यांसाठी हा भाग मेजवानी आहे. साधारण शक्यता ४,०९६ त एक. त्या पोकेमॉनच्या संशोधनाची पातळी १० झाली की ती दुप्पट, पान शंभर टक्के भरलं की चौपट. झुंडीच्या उद्रेकात, म्हणजे एकाच जातीचे अनेक पोकेमॉन एका जागी जमतात तेव्हा, थेट १५८ त एक, आणि शक्यता वाढवणारा शायनी चार्म व पूर्ण पान हाती असेल तर १२८ त एक. फेब्रुवारी २०२२ अखेर आलेल्या 'डेब्रेक' या मोफत अपडेटने महाउद्रेक आणले. तिथे ३१५ त एक, पण एका खेपेत झुंडी अनेक. झुंड मोजून संपवा, अर्ध्यावर सोडून गावात गेलात तर ती गेली.

कथेनंतर व्होलो या व्यापाऱ्याशी सामना आहे. सहा पोकेमॉन, मग गिराटिना हे दंतकथेतलं पोकेमॉन, आणि ते पडलं की दुसऱ्या रूपात पुन्हा. मध्ये विश्रांती नाही. सत्तरीच्या पुढची टीम, बेशुद्ध पोकेमॉनला उठवणारी भरपूर रिव्हाइव्ह आणि पाळ्यांच्या क्रमावर डोळा, याशिवाय जाऊ नका. पुनर्जीवित करायलाही एक पाळी जाते, म्हणून ते शत्रूचा जोरकस फटका संपल्यावरच करायचं. आर्सियस मात्र इतर सगळे पकडल्याशिवाय दिसत नाही. शेमिन आणि डार्कराय त्यातून वगळलेत, कारण त्यांच्यासाठी मालिकेतल्या इतर भागांची सेव्ह लागते.

आणि स्पिरिटुंब हा पोकेमॉन मिळवण्यासाठी गोळा करायच्या १०७ जांभळ्या ज्योती. नकाशावर खूण नाही. रात्री फिरा, अंधारात त्या लांबून दिसतात. पाच प्रदेशांत प्रत्येकी २०. हिशोब शंभरावर अडकला आणि सगळे डोंगर पालथे घालूनही पुढची सापडेना, तर जुबिलाइफ गावात परत या. उरलेल्या ७ तिथेच आहेत.