प्रीमेडसाठी बायोमेडिकल इंजिनिअरिंग की बायोलॉजी? आधी जीपीए कसा मोजतात ते बघा

इकडे अमेरिकेत मराठी घरांमध्ये मूल हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आलं की हा प्रश्न हमखास येतो, डॉक्टर व्हायचंय पण हाताशी इंजिनिअरिंगही हवं, मग प्रीमेडसाठी, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या आधी करायच्या चार वर्षांच्या डिग्रीसाठी, बायोमेडिकल घेऊ का? माझी लेक याच वाटेने गेली आणि अर्ज भरायला बसलो तेव्हा कळलं की चार वर्षं घासून केलेले निम्मे कोर्सेस ‘सायन्स’मध्ये मोजलेच जात नाहीत. हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितेय.

एमडी (इकडची नेहमीची डॉक्टरकीची पदवी) देणाऱ्या कॉलेजांचा अर्ज ॲमकास या सामायिक अर्जव्यवस्थेतून जातो. तिथे दोन जीपीए, म्हणजे ग्रेडची ४ पैकी सरासरी (ए म्हणजे ४, सी म्हणजे २), महत्त्वाचे, एक एकूण आणि दुसरा बीसीपीएम, म्हणजे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स. इंजिनिअरिंगला स्वतंत्र कोड आहे आणि तो ‘बाकी सगळं’ या गटात जातो, इंग्लिश आणि इतिहासाच्या शेजारी. कॉम्प्युटर सायन्सचंही तेच. म्हणजे सर्किट्स, स्टॅटिक्स, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये जीव तोडून ए आणला तरी तो एकूण जीपीएत दिसतो, बीसीपीएममध्ये नाही. उलट तिथे बी मायनस आला तर सायन्सचा आकडा वाचतो, हेही तितकंच खरं.

आता बायोलॉजी मेजर, म्हणजे मुख्य विषय बायोलॉजी घेतलेला मुलगा, शेजारी ठेवून बघा. समजा त्याच्याकडे बीसीपीएमची ८० क्रेडिट्स (कोर्सचं वजन मोजायचं एकक) आहेत आणि इंजिनिअरकडे ५०. दोघांनाही ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या ४ क्रेडिटच्या कोर्सला सी मिळाला आणि बाकी सगळे ए असले, तर बायोलॉजीवाल्याचा बीसीपीएम ३.९० वर येतो आणि इंजिनिअरचा ३.८४ वर. एका सीने एवढा फरक, दोन-तीन झाले की बघा. बायोलॉजीवाल्याला वरच्या वर्षांत जेनेटिक्स, इम्युनॉलॉजी घेऊन आकडा वर काढता येतो, इंजिनिअरला वेळापत्रकात जागाच नसते. २०२३ साली प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी एकूण जीपीए ३.७७ होता, म्हणून हे पॉइंट किरकोळ समजू नका.

पण इंजिनिअरची एक जमेची बाजू आहे, मॅथ्स. तीन कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनिअर अल्जेब्रा धरून सहज १८ क्रेडिट्स होतात आणि ॲमकासमध्ये ती सगळी बीसीपीएममध्ये येतात. बायो-केमिस्ट्री-फिजिक्सच्या ३६ क्रेडिट्सना ३.४ असेल आणि मॅथ्समध्ये सगळे ए, तर एकत्र ३.६ होतो. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरची पदवी देणाऱ्या कॉलेजांच्या ॲकोमास या अर्जव्यवस्थेत मात्र मॅथ्स सायन्स जीपीएत धरतच नाहीत, त्यामुळे तोच मुलगा तिथे ३.४ च्या आसपास दिसतो. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर दोन्ही आकडे आधीच काढून ठेवा. टेक्सासमधल्या बहुतेक कॉलेजांचा अर्ज आणखी वेगळा, त्याची गाइड वेगळी वाचायची.

खरी गोची मधल्या कोर्सेसची. बायोमेडिकल डिपार्टमेंटने शिकवलेली फिजिऑलॉजी, बायोमटेरियल्स, बायोमेकॅनिक्स, ही बायोलॉजी की इंजिनिअरिंग? ॲमकास म्हणतं कोर्समध्ये मुख्यतः काय शिकवलं त्यावरून ठरवा, डिपार्टमेंटच्या नावावरून नाही. फिजिऑलॉजीला बायोलॉजी लावणं मला पूर्ण योग्य वाटतं, कारण आत हृदय आणि किडनीच आहे, गणितं असली तरी. बायोस्टॅटिस्टिक्स मॅथ्समध्ये. थर्मोडायनॅमिक्स त्यांच्या यादीत केमिस्ट्रीखाली आहे. पण बायोमेकॅनिक्समध्ये सगळा बलांचा आणि ताणाचा हिशोब असेल तर प्रामाणिकपणे इंजिनिअरिंगच लिहा, ए मिळालाय म्हणून बायोलॉजीत ढकलू नका, ॲमकासचे तपासणारे तो विषय बदलू शकतात आणि मग तुम्ही मनात धरलेला जीपीए एकदम खाली येतो. आमच्याकडे लेकीचा एक कोर्स असाच बदलला गेला, त्या आठवड्यात घरात कोणी नीट जेवलं नाही. पहिल्या वर्षापासून प्रत्येक कोर्सचा सिलॅबस जपून ठेवा, म्हणजे कोणता विषय लावायचा ते ठरवताना अंदाज लावत बसावं लागत नाही.

आणि हे क्लासिफिकेशन वेगळं, कॉलेजची प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायच्या कोर्सेसची अट, वेगळी. ॲमकासने बायोलॉजी मानलं म्हणून एखादं कॉलेज तो कोर्स त्यांच्या बायोलॉजीच्या अटीत धरेलच असं नाही, तिथे ईमेल करून विचारायचं.

पुण्या-मुंबईत बीई करून इकडे आलेल्यांसाठी हिशोब आणखी निराळा. भारतातले मार्क ॲमकासच्या जीपीएत येतच नाहीत, इथल्या कॉलेजात नव्याने केलेल्या कोर्सेसवर सगळं ठरतं आणि बऱ्याच कॉलेजांना इथली बरीच क्रेडिट्स लागतात.

मग काय घ्यावं? मुलाला डिव्हाइस, इमेजिंग, प्रोस्थेटिक्स यात खरंच रस असेल, मॅथ्स हातचा मळ असेल, आणि मेडिकल नाही झालं तरी इंजिनिअर म्हणून आनंदाने काम करेल असं वाटत असेल तर बायोमेडिकल घ्या, पण बायोलॉजीचे दोन-तीन वरचे कोर्सेस बायोलॉजी डिपार्टमेंटमधूनच करायला लावा. इंजिनिअरिंग अर्जावर उठून दिसेल एवढ्यासाठीच घेत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, बायोलॉजी किंवा केमिस्ट्री घ्या आणि वाचलेला वेळ हॉस्पिटलमध्ये पेशंटजवळ घालवू द्या.